चीनच्या बादशहाला स्टुलावर बसवणारा माणूस

चीनच्या बादशहाच्या महालात कुठल्या दालनातून कुठल्या दालनात दार उघडतं, राणीवशाकडे जाताना किती पायऱ्या लागतात आणि त्यातली कितवी पायरी हलते, हे आख्ख्या सातारा जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक आहे. आणि तो माणूस उभ्या जन्मात उत्तरेला शिरवळच्या आणि दक्षिणेला सांगलीच्या पलीकडे गेलेला नाही. शिरवळला मुलगा कारखान्यात आहे आणि सांगलीला सासुरवाडी, म्हणून तेवढं तरी झालं. कराडच्या पेठेत, भांड्यांचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये दोन माणसं आडवी मावणार नाहीत एवढ्या जागेत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना घड्याळवाले चाचा म्हणतं, मीही तेच म्हणते. सव्वीस वर्षं मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. या सव्वीस वर्षांत माझ्या हातून जी दोन-चार बरी कामं झाली असतील, त्यात चाचांना चीनवरची पुस्तकं पुरवणं हे पहिलं. कारण सातवी शिकलेल्या या माणसाने चीनच्या दरबारातल्या एका गोऱ्या घड्याळजीवर सव्वाचारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी लिहिली, आणि ती मी तिच्या जन्मापासून पाहिलेली आहे. याचा मला किती अभिमान वाटतो ते आमच्या घरच्यांना विचारा. ते आता कानांत बोटं घालतात.

चाचांना कधी वेळ विचारू नये. "चाचा, किती वाजले?" म्हटलं की ते मान वर न करता विचारतात, "कुठल्या घड्याळात?" भिंतीवर साठेक घड्याळं टांगलेली असतात आणि दोन घड्याळांचं एकमेकांशी पटत नाही. नव्या गिऱ्हाइकाला हे बघून भोवळच येते. चाचा त्याला समजावतात, "आदी त्याला चालू तर दे गड्या. बरुबर चालायचं ते मागनं बघू." स्वतःच्या मनगटावर मात्र घड्याळ नाही. घड्याळ उघडायच्या आधी बिस्मिल्ला म्हणतात, डोळ्याला भिंग लावतात आणि झाकण परत लागेपर्यंत अवाक्षर बोलत नाहीत. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. असेच एक निवृत्त सुभेदार पहिल्यांदा दुकानात आले आणि "कवा मिळंल?" म्हणून विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा फौजी आवाजात विचारलं. भांड्यांच्या दुकानातली माणसं धावत आली, पण चाचांचा चिमटा हलला नाही. चाळीस मिनिटांनी झाकण लागलं तेव्हा चाचा म्हणाले, "हां, काय म्हणत हुता?" तोवर सुभेदार स्टुलावर बसून मान पुढे काढून बघत होते आणि आपण कशासाठी आलो ते विसरले होते. त्या दिवसापासून दोघांचं जे जमलं ते आजतागायत.

कादंबरीचा उगम आमच्या वाचनालयातला. सभागृहातलं घड्याळ बंद पडलं म्हणून चाचांना बोलावलं होतं. सुटे भाग धुऊन वाळत घातले आणि वेळ जावा म्हणून त्यांनी जवळच्या कपाटातला एक जाडजूड जुना ग्रंथ उघडला. थोड्या वेळाने तो ग्रंथ छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, ह्यात लिवलंय की चीनच्या बादशानं गोऱ्या मिस्त्र्यास्नी घड्याळं दुरुस्त कराय महालात ठिवून घेतलं हुतं, आन त्यातलं कैक जण परत घरी गेलंच न्हाईत. फुडं काय झालं?"

"पुढे काही दिलेलं नाही, चाचा."

"म्हंजे? माणसं जलमभर परक्या मुलखात घड्याळं दुरुस्त करत बसली, आन त्यांच्यावर दोनच वळी?" त्यांचा चेहरा असा झाला की त्या दोन ओळी मीच लिहिल्या आहेत असं मला वाटू लागलं. मग ग्रंथ टेबलावर ठेवून ते म्हणाले, "कुणीतरी लिवाय पायजे."

हे 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते दुसऱ्या दिवशी कळलं. चाचा वाचनालयाचे सभासद झाले आणि चीनवरचं जे असेल ते मागू लागले. मी प्रवासवर्णनं दिली, शाळेचा नकाशासंग्रह दिला, चहाच्या लागवडीवरचं एक पुस्तक दिलं आणि सगळं संपल्यावर रेशमाच्या किड्यांवरचं दिलं. डोळ्याला भिंग लावून ते एकेक शब्द वाचत, त्यामुळे त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. पुस्तकं सरली तेव्हा सुभेदार कामाला आले, कारण ते काही वर्षं बर्फातल्या सीमेवर होते.

"चीन कसा हाय?" चाचांनी विचारलं.

"पलीकडं हुता," सुभेदार म्हणाले. "दुर्बिणीतनं दिसायचा."

"मंग दुर्बिणीतला सांगा."

सुभेदारांनी मेंदूला ताण देऊन सांगितलं की डोंगर होते, बर्फ होतं आणि थंडी अशी की बंदुकीचं तेल घट्ट होऊन बसायचं. हे ऐकताच चाचा ताडकन उभे राहिले. तेल घट्ट झालं म्हणजे घड्याळं मागे पडणार! कादंबरीचं सहावं प्रकरण तिथल्या तिथे तयार झालं. हिवाळ्यात बादशहाची सगळी घड्याळं मागे पडतात, दरबारी म्हणतात की गोऱ्याने चेटूक केलं, आणि आमचा नायक आंतोन मिस्त्री रात्रंदिवस खपून जाड तेल धुऊन पातळ तेल घालतो आणि आपली मान वाचवतो. हे प्रकरण ऐकून सुभेदारांनी आपण चीनच्या इतिहासाला हातभार लावल्याचं गावभर सांगितलं.

आता या कादंबरीत इतिहासाच्या मास्तरांना खटकेल असं काही नाही, असं मी म्हणणार नाही. त्यातला बादशहा आमच्या कराडकडचं बोलतो. घड्याळ बंद पडलं की तो स्वतः उठून आंतोनच्या कारखान्यात येतो, स्टुलावर बसतो आणि विचारतो, "व्हय रं आंतोन, कवा देतूस?" आंतोन भिंग न काढता म्हणतो, "गुरवारी या." मी म्हटलं, "चाचा, बादशहा स्वतः कसा येईल? हजार नोकर असतील त्याच्याकडे." चाचा म्हणाले, "आवं ताई, घड्याळ बंद पडलं की माणसाला घरात बसवत न्हाई. बादशा झाला म्हणून काय झालं?" मी विचारलं, "आणि गुरुवारी झालं नाही तर? तो डोकं उडवेल की!" यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "डोकं उडवलं, तर घड्याळ कोन दील त्याला?" बादशहा स्टुलावर बसला तो बसलाच.

पण चाचांची खरी कमाल त्यांच्या तपासणीत होती. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच देत नाहीत. आठ दिवस भिंतीवर टांगून त्याची चाल बघतात. प्रकरणालाही तोच नियम. लिहून झालं की आठ दिवस खणात, आणि मग गुरुवारी दुपारी दुकानात खोळंबलेल्या गिऱ्हाइकांसमोर वाचन. वाचायची मी. चाचा पाठकोरी कागदांची दुसरी प्रत मांडीवर घेऊन, हातात लाल पेन धरून गिऱ्हाइकांच्या मानांकडे बघत बसत. ऐकता ऐकता कुणाची मान भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली की त्या ओळीवर लाल ठिपका. "हितं मागं पडतंय," ते पुटपुटत. पहिल्या प्रकरणात महालातल्या बागेचं वर्णन होतं, त्यावर अकरा ठिपके पडले. चाचांनी अख्खी बाग उपटून टाकली. हल्ली लोक घड्याळाऐवजी मोबाइल बघतात, त्याचं त्यांना कौतुकच वाटतं. "लय सोपं झालंय ताई. आदी मान किती वळली ते बघाय लागायचं, आता हात सरळ खिशात जातुय." एकदा वडगावचा एक ऊसवाला ट्रॅक्टर रस्त्यात लावून घड्याळ न्यायला आला, उभ्या उभ्या प्रकरण संपेपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि घड्याळ न घेताच निघून गेला. चाचा दोन दिवस नुसते हसत होते. मला या सगळ्याची अशी सवय लागली की आता कुठल्याही समारंभात मी वक्त्याकडे न बघता श्रोत्यांच्या माना बघत बसते. बरेच वक्ते मागे पडतात.

नऊ वर्षांनी कादंबरी पुरी झाली. तीन प्रकाशकांनी ती न वाचता परत पाठवली, हे पाकिटाच्या घड्यांवरूनच कळत होतं. पुण्याच्या चौथ्याने मात्र लांबलचक पत्र लिहिलं. कादंबरी त्याला आवडली होती, बादशहाचं बोलणंही आवडलं होतं, अडचण एकच होती: अकरावं प्रकरण. त्या चाळीस पानांत आंतोन बादशहाच्या आईचं जुनं घड्याळ उघडतो, एकेक चाक काढतो, धुतो, पुसतो आणि परत बसवतो. लढाई नाही, कटकारस्थान नाही, कुणी मरत नाही. एवढं प्रकरण काढा, पुस्तक लगेच छापतो, असं त्याने लिहिलं होतं. चाचांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "अकरावं काढलं तर मागं डबा उरतुय. मशीन काढून नुसता डबा कोन घरी नेतं?" मी खूप समजावलं. तुमचं वय बहात्तर, पाचवा प्रकाशक आता मिळायचा नाही, एका प्रकरणापायी नऊ वर्षांवर पाणी सोडू नका, असं चिडून बोलले. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मलाही रात्री नीट झोप लागली नाही, कारण त्यांचं पुस्तक माझ्या कपाटात उभं असलेलं मला एव्हाना रोज दिसत होतं.

आठव्या दिवशी चाचा आले. "पत्र लिवा ताई. म्हनावं, कराडला या, चार लोकांत बसून अकरावं ऐका. जितं मान वळंल, ती पानं मी माझ्या हातानं काढीन. जितं वळणार न्हाई, ती तुमी छापायची." हा शुद्ध वेडेपणा होता. पण प्रकाशकाला कोल्हापूरला जायचंच होतं आणि मला वाटतं त्याला गंमतही वाटली असावी. तो कबूल झाला.

रविवारी चारला आमचं सभागृह भरलं. गिऱ्हाइकं होती, ऊसवाला बायकामुलांसह आला होता, सुभेदार कडक इस्त्रीत दाराशी उभे होते. पहिल्या रांगेत प्रकाशक, आणि दोन खुर्च्या सोडून चाची, म्हणजे चाचांची बायको. चाची उर्दू चौथी शिकलेली. दुकानातल्या वाचनाला गिऱ्हाइकांनाच जागा पुरायची नाही, त्यामुळे नवऱ्याने नऊ वर्षं काय लिहिलं ते ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकणार होती. डाव्या भिंतीवर सभागृहाचं मोठं घड्याळ टकटकत होतं. मी चाचांना हळूच म्हटलं, "आजच्या दिवस ते उतरवून ठेवू या का?" ते भडकलेच. "घड्याळच न्हाई तर मान वळणार कुटं? मंग ती परीक्षा कसली?" आणि त्यांनी शिडी मागवून घड्याळाची काच पुसली, म्हणजे काटे सगळ्यांना स्वच्छ दिसावेत.

मी वाचायला लागले. आंतोनने झाकण काढलं. पहिलं चाक निघालं, दुसरं निघालं. शंभर माणसं बसली होती आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. गंजलेला स्क्रू फिरेना तेव्हा ऊसवाल्याची मूठ आवळलेली मला दिसली. सतराव्या पानावर सगळे भाग धुऊन झाले. ते वाळेपर्यंत आंतोनला काम नाही, म्हणून त्याला घर आठवतं. घरी तो कारखान्यात बसलेला असताना त्याची बायको दूध घेऊन यायची. केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरलेली असताना कसलाही आवाज झाला तर हात हलायचा, म्हणून ती उंबऱ्याशी थांबून हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून ठेवायची, अनवाणी येऊन पेला ठेवायची आणि जायची. आंतोनने कधी मान वर करून बघितलं नाही. पण ती गेल्यावर बाहेर बांगड्या परत हातात चढल्याचा आवाज येईपर्यंत त्याचा श्वास अडकलेला असायचा, आणि तो आवाज आला की मगच त्याचा हात स्थिर व्हायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. आता सांगायचं तर मध्ये समुद्र होता.

वाचताना मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून चाचांचा लाल पेन हललेला दिसला. एक ठिपका. पुढच्या पानावर दुसरा, मग तिसरा, मग चौथा. पण नंतर पेन थांबला तो थांबलाच. शेवटचं चाक बसलं, आंतोनने लंबकाला बोटाने हलका धक्का दिला, घड्याळ चालू झालं आणि सगळ्या सभागृहाने एकदम श्वास सोडला. सुभेदारांनी दारातून कडक सलाम ठोकला.

चाचा उभे राहिले. "चार ठिपकं पडल्यात," ते म्हणाले. "चारी एकाच मानंचं. आन ती मान घरचीच हाय." त्यांनी चाचीकडे बोट केलं. लोक खो खो हसले. चाचीही तोंडाला पदर लावून हसली. प्रकाशकाने उठून चाचांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "हरलो. अकरावं प्रकरण छापणार, जसंच्या तसं. एका मानेचं काय एवढं?" पण चाचा ऐकतात होय! "ठरलं म्हंजे ठरलं. चार पानं निघणार." खिशातलं ब्लेड काढून त्यांनी सगळ्यांसमोर ती चार पानं कापली आणि माझ्या हातात दिली. जाता जाता प्रकाशक म्हणाला, "एका परीने बरंच झालं, चाचा. युरोपातल्या बायका कुठल्या हिरव्या बांगड्या घालायला?" चाचांनी पेनाला टोपण लावलं. "ह्याची घालायची," ते म्हणाले.

पुस्तक आलं. आमच्या वाचनालयात त्याच्या पाच प्रती आहेत आणि पाचही कायम बाहेर असतात. कोयनानगरहून, खंडाळ्याहून लोक विचारत येतात. आंतोन मिस्त्रीचं दुकान जणू पलीकडच्या गल्लीत होतं, असं गावात बोललं जातं. "आमच्या कराडनं एक गोळी न झाडता चीन घेतला," असं सुभेदार एसटी स्टँडवर परक्या माणसांना थांबवून सांगतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही पाहुण्यांना आधी ते कपाट दाखवते आणि मग चहा विचारते. चाचांनी मात्र स्वतःच्या दुकानात पुस्तकाची एक प्रत ठेवलेली नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "दुरुस्त झालेलं घड्याळ दुकानात ठिवत न्हाईत."

दोनेक महिन्यांनी एका दुपारी चाची वाचनालयात आली. त्यापूर्वी ती कधी आली नव्हती. समोरच्या खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "ताई, ती चार पानं तुमच्यापाशी हायत न्हवं? परत वाचा की." मी खणातून पाकीट काढलं आणि वाचू लागले. उंबऱ्यापाशी आले तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांतल्या हिरव्या बांगड्यांकडे गेलं आणि मी पान खाली ठेवलं. रोज दुपारी एकला चाची डबा घेऊन दुकानाशी येते आणि उंबऱ्यात क्षणभर वाकते, हे मी वीस वर्षं बघत आलेली. मला वाटायचं, चपला काढते.

"चाची," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला कंटाळा नव्हता ना आला?"

"कटाळा कशाचा?" ती म्हणाली. "डोळ्यात पानी आलं. एवढ्या मानसांत कुटं रडू? भितीवर घड्याळ दिसलं, तिकडं तोंड केलं." थोडा वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "चाळीस वर्सं मला वाटायचं, मी आली कवा आन गेली कवा, ह्यास्नी कळत बी न्हाई."

मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन चाचांना सांगते. दुसऱ्या आवृत्तीत ही पानं परत घालता येतील."

तिने पटकन माझा हात धरला. "नगा सांगू ताई. मला कटाळा आला हुता, आसंच वाटू दे त्यास्नी. मला कळलंय ते त्यास्नी कळलं, तर उद्या उंबऱ्यात बांगड्या काढताना मला लाज वाटंल."

मी कुणाला काही सांगितलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी चाची येते, मी पानं वाचते, ती ऐकते आणि डब्याची वेळ झाली की उठून जाते. छापील पुस्तकात आंतोन एकटाच राहतो आणि एकटाच मरतो. पुस्तक परत करायला आलेले वाचक हळहळतात, बिचाऱ्याला जगात कुणी नव्हतं म्हणतात. मी पुस्तक घेते, तारीख टाकते आणि गप्प बसते.